इंग्रजीच्या वर्गात खेळ कसे घ्यायचे: नव्या शिक्षकांसाठी पायरीपायरीने

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायला लागलेल्या नव्या शिक्षकाला कुणी ना कुणी सांगतंच, ‘खेळ घ्या, विद्यार्थी पटकन शिकतात.’ मग खेळांची भलीमोठी यादी जमते, रोज नवा खेळ लागतो, वर्गात धमाल येते. महिन्याभराने लक्षात येतं की विद्यार्थ्यांना खेळांचे नियम पाठ झालेत, इंग्रजी मात्र होतं तिथेच आहे. असं होतं, कारण कोणतं इंग्रजी बोलल्याशिवाय खेळ पुढे सरकणार नाही, हे आधी ठरलेलं नसतं. खेळ निवडताना मी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

खेळ मुळात हवेत कशाला, याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. वर्गात ३० जण आणि तास ४५ मिनिटांचा धरा. शिक्षक तोंडातून अवाक्षर न काढता सगळा वेळ एकेकाला वाटून देत बसला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. तेच जोड्या करून फक्त १५ मिनिटं बोलायला लावलं, तर प्रत्येकाला साडेसात मिनिटांपर्यंत बोलायला मिळतं. शाळेबाहेर ज्यांच्या कानावर इंग्रजी पडत नाही, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. पण ‘जोडीत बोला’ एवढंच सांगितलं की दोघं एकमेकांकडे बघत बसतात. बोलायला काहीतरी कारण लागतं, आणि ते कारण खेळ पुरवतो.

१. आधी वाक्य ठरवा, खेळ नंतर

तासाची तयारी करताना वहीत सगळ्यात वर एक वाक्य लिहा: आज विद्यार्थी जे पुन्हा पुन्हा बोलणार आहेत ते. ‘कॅन यू स्विम?’ किंवा ‘देअर इज अ बँक नेक्स्ट टू द पार्क.’ किंवा ‘आय हॅव नेव्हर सीन स्नो.’ त्याखाली त्या वाक्याला लागणारे आठ-दहा शब्द. खेळाचा विचार त्यानंतर.

खेळ सुचला की त्याची एक परीक्षा घ्या. तो मनातल्या मनात मुक्याने खेळून बघा. एक शब्दही न उच्चारता, किंवा नुसतं मातृभाषेत बोलून जिंकता येत असेल, तर नियम बदला नाहीतर खेळ बदला. पालथी कार्डं उलटून चित्रांच्या जोड्या जुळवण्याचा खेळ बघा. तो मुक्याने सहज जिंकता येतो. त्यात एकच नियम घातला, की दोन्ही कार्डांबद्दल पूर्ण वाक्य बोलल्याशिवाय जोडी मिळणार नाही, तर तोच खेळ कामाचा होतो. हँगमन (एकेक अक्षर सुचवत लपवलेला शब्द ओळखायचा खेळ) सगळीकडे खेळतात, पण त्यात सराव होतो तो फक्त अक्षरांच्या नावांचा. नवशिक्यांना ए, ई आणि आय यांच्या नावांत गोंधळ होतो, तेवढ्यापुरता तो ठीक. पुढच्या वर्गांत त्यावर वेळ घालवू नका.

२. वर्ग नीट बघून घ्या

कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषेच्या पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. त्यात ए१ (अगदी नवशिके), ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ (सगळ्यात वरची) अशा सहा पातळ्या आहेत आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठावर यातली एखादी छापलेली असते. पुस्तकावरची पातळी आणि विद्यार्थ्यांची बोलण्याची पातळी यांत मात्र अंतर असतं. व्याकरणाच्या परीक्षेत बी१ असलेला विद्यार्थी बोलताना ए२ला असणं अगदी नेहमीचं आहे. खेळ निवडताना बोलण्याची पातळी धरा.

याशिवाय पाहायच्या गोष्टी: बाकं हलतात की जमिनीला ठोकलेली आहेत, मधून फिरायला वाट आहे का, शेजारच्या वर्गाला आवाज कितपत चालेल, सगळ्यांची मातृभाषा एकच आहे की वेगवेगळी. मातृभाषा एकच असेल तर खेळ तिच्यात घसरण्याचा धोका जास्त. त्याचा इलाज पुढे येतो.

३. साहित्य

फार काही लागत नाही. पण जे लागतं ते तासाच्या आधी मोजून ठेवलेलं हवं.

– जाड कागदाची कोरी कार्डं, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची
– चित्रं: स्वतः काढलेली चालतात, फक्त शेवटच्या बाकावरून ओळखू यायला हवीत
– फासे आणि रंगीत सोंगट्या
– टायमर, सगळ्यांना दिसेल असा
– एक छोटी घंटा, किंवा टाळीची ठरलेली खूण
– जोडीच्या खेळांसाठी ‘अ’ आणि ‘ब’ वर्कशीट, दोन वेगळ्या रंगांच्या कागदांवर
– तुमच्यासाठी एक पॅड आणि पेन, चुका टिपायला

दोन रंगांचे कागद ही चैन वाटेल, पण दोन्ही वर्कशीट पांढऱ्या कागदावर असतील तर कुठल्या तरी जोडीकडे हमखास ‘अ’ आणि ‘अ’ जातो आणि ते पाच मिनिटांनी कळतं. रंग वेगळे असले की फळ्यापाशी उभं राहूनच दिसतं.

४. या खेळांपासून सुरुवात करा

पहिल्या महिन्यात चार-पाच खेळ पुरे. तोच खेळ वेगळ्या वाक्यासाठी परत घेतला की नियम समजावण्यात वेळ जात नाही, आणि विद्यार्थ्यांचं सगळं लक्ष भाषेकडे राहतं.

आकड्यांचा बिंगो. १ ते १०० असे सरसकट आकडे घेऊ नका. फक्त १३ ते १९ आणि ३०, ४०, ५० असे ९० पर्यंतचे दशक घ्या. हे एकूण १४ आकडे होतात, त्यांतले सहा प्रत्येकाने आपल्या चौकटीत लिहायचे आणि पुकारला जाईल तो आकडा खोडायचा. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत कान फसतो. थर्टीनमध्ये जोर शेवटी येतो आणि शेवटचा ‘न’ ऐकू येतो, तर थर्टीत जोर सुरुवातीलाच पडतो. बिंगोची अडचण अशी, की त्यात बोलतो एकटा शिक्षकच. म्हणून पहिली फेरी तुम्ही घ्या आणि दुसऱ्या फेरीपासून चार-चारच्या गटात विद्यार्थ्यांनाच आकडे पुकारू द्या. पुकारणाऱ्याचा जोर चुकला की ऐकणारे लगेच विचारतात, ‘फिफ्टी ऑर फिफ्टीन?’ तुम्ही दुरुस्त करण्यापेक्षा सोबत्याने असं विचारलेलं जास्त लक्षात राहतं.

सायमन सेज. जेम्स अशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली: शिक्षकाने आज्ञा द्यायची, विद्यार्थ्याने ती कृतीतून पाळायची, बोलण्याची घाई करायची नाही. नवशिक्यांना ही पद्धत फार मानवते, आणि हा खेळ तिच्या जवळचा आहे. ‘सायमन सेज’ म्हटलं तरच कृती करायची, नाहीतर हलायचं नाही. एक दुरुस्ती मात्र करा. मूळ नियमात चुकणारा बाद होतो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच पहिल्या मिनिटात बाहेर बसतो. त्याऐवजी चुकलेल्याचा एक गुण कमी करा आणि त्याला खेळातच राहू द्या. बाद करणाऱ्या प्रत्येक खेळात मी हा बदल करते.

‘फाइंड समवन हू’. प्रत्येकाकडे आठ-दहा ओळींची यादी: पोहता येणारी व्यक्ती, घोड्यावर बसलेली व्यक्ती, सकाळी पाचच्या आधी उठणारी व्यक्ती. वर्गात फिरून विचारायचं आणि होकार मिळाला की नाव लिहायचं. इथले सापळे ठरलेले आहेत. विद्यार्थी कागदच समोर धरतात आणि समोरचा वाचून सही करतो, की झालं, कुणी काहीच बोललं नाही. दुसरा सापळा म्हणजे एकाच मित्राकडून दहाही नावं भरून घेणं. म्हणून दोन नियम: कागद छातीशी धरायचा, आणि एका व्यक्तीचं नाव एकदाच. शिवाय सुरुवातीलाच यादीतल्या ओळींचे प्रश्न वर्गाकडून तयार करून घ्या. ‘कॅन स्विम’ वरून ‘कॅन यू स्विम?’ जमतं, पण ‘हॅज रिडन अ हॉर्स’ वरून ‘हॅव यू एव्हर रिडन अ हॉर्स?’ करताना निम्मा वर्ग अडतो. ते फिरायला सुटण्याआधी फळ्यावर सुटलेलं बरं.

अर्धा नकाशा तुझा, अर्धा माझा. मला कुणी एकच खेळ निवडायला सांगितलं तर मी हाच निवडेन. शहराच्या एकाच नकाशाच्या दोन प्रती करा. ‘अ’ कागदावर बँक, शाळा, दवाखाना आणि बेकरी यांच्या जागा लिहिलेल्या, ‘ब’ कागदावर त्या जागा रिकाम्या. ‘ब’वर टपाल कचेरी, हॉटेल, सिनेमा आणि ग्रंथालय लिहिलेलं, ‘अ’वर त्या जागा रिकाम्या. प्रत्येकाने हरवलेल्या चार जागा विचारून भरायच्या. ‘व्हेअर इज द पोस्ट ऑफिस?’ ‘इट्स ऑपोझिट द पार्क.’ दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याच्या मदतीशिवाय खेळ संपवता येत नाही, म्हणून बोलण्यावाचून गत्यंतर नसतं.

हा नकाशा तयार करताना तीन-चार खुणा दोन्ही कागदांवर सारख्या ठेवा: बाग, रेल्वे स्टेशन, नदीवरचा पूल. त्या नसतील तर ‘शेजारी’ किंवा ‘समोर’ म्हणायला आधारच उरत नाही, आणि जोड्या कागद दाखवून मोकळ्या होतात. बसवताना पाठीला पाठ लावून बसवा, जागा नसेल तर मध्ये एक वही उभी धरायला लावा. आणि फळ्यावर या तीन ओळी आधीच लिहून ठेवा: ‘कॅन यू रिपीट दॅट, प्लीज?’, ‘हाऊ डू यू स्पेल इट?’, ‘डू यू मीन नेक्स्ट टू ऑर ऑपोझिट?’ विद्यार्थी मातृभाषेकडे वळतात ते मुख्यतः अडल्यावर. अडल्यावर बोलायचं इंग्रजी समोर असेल, तर त्यांना दुसरीकडे जावं लागत नाही.

पळतं श्रुतलेखन. पाच-सहा ओळींचा उतारा भिंतीवर चिकटवा. जोडीतल्या एकाने जाऊन वाचायचं, लक्षात ठेवायचं आणि परत येऊन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. मध्यावर भूमिका बदला. वाचणं, लक्षात ठेवणं, बोलणं, ऐकणं आणि लिहिणं एकाच खेळात येतं. ‘पळतं’ नाव असलं तरी ‘चालत जा’ हा नियम ठेवा, आणि भिंतीपाशी उभं राहून ओरडून सांगणाऱ्याचा गुण कापा. मोबाइलवर फोटो काढणारेही निघतात, तेव्हा फोन आधीच बाजूला ठेवायला सांगा.

बी१च्या पुढच्या वर्गासाठी उताऱ्याचे तुकडे वाटून वाचण्याचा खेळ घ्या. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांसाठी ही रचना बसवली. वेगवेगळ्या समाजांतली मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तेढ होती. एकमेकांच्या मदतीशिवाय काम पुरं होऊ नये, असा त्यामागचा विचार. चौघांच्या गटात प्रत्येकाला उताऱ्याचा एकच भाग द्यायचा. आधी तोच भाग मिळालेले विद्यार्थी एकत्र बसून तो समजून घेतात, मग आपापल्या गटात परत येऊन तो न वाचता, स्वतःच्या शब्दांत सांगतात.

प्रौढांचा वर्ग असेल तर ‘खेळ’ हा शब्दच वापरू नका, थेट काम द्या. ओसाड बेटावर न्यायच्या दहा वस्तूंतल्या पाच निवडायच्या: आधी एकट्याने, मग दोघांनी एकमत करून, मग चौघांनी. ‘वुई शुड टेक...’, ‘आय डोन्ट थिंक वुई नीड...’ ही वाक्यं आपोआप बोलावीच लागतात.

५. सूचना देण्याची तयारी करा

नव्या शिक्षकांचे बहुतेक खेळ इथेच फसतात. सूचना घरी लिहून काढा आणि लांब वाक्यं तोडा. ‘नाऊ व्हॉट आय वुड लाइक यू टू डू इज...’ असं ए१च्या वर्गापुढे म्हटलं, तर सूचनाच पाठापेक्षा अवघड होते. ‘वर्क इन पेअर्स. डोन्ट शो युवर पेपर. आस्क क्वेश्चन्स. राइट.’ एवढं पुरे, सोबत हातवारे.

क्रम हा असा ठेवा: आधी जोड्या, मग सूचना, मग एका विद्यार्थ्याला पुढे बोलावून सगळ्यांसमोर एक फेरी खेळून दाखवणं, आणि कागद सगळ्यात शेवटी. कागद हातात पडला की कुणीही ऐकत नाही.

‘समजलं का?’ हा प्रश्न विचारू नका. सगळे माना डोलावतात. त्याऐवजी नियमावर प्रश्न विचारा: ‘कागद दाखवायचा का?’, ‘किती नावं लिहायची?’, ‘किती मिनिटं आहेत?’ आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त जण उत्तर देतात. तिचा अभ्यास विज्ञानाच्या वर्गांचा होता. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्याला तर तेवढा वेळ लागतोच.

६. खेळ चालू असताना गप्प राहा

या वेळात तुमचं काम ऐकण्याचं. फिरत राहा आणि पॅडवर दोन रकाने करा: चांगली वाक्यं आणि चुका. मधे थांबवून दुरुस्ती करू नका. वाक्याच्या मधोमध अडवलेला विद्यार्थी पुढचं वाक्य छोटं करतो आणि त्यापुढचं बोलतच नाही. खेळच अडेल एवढा घोळ झाला, तरच त्या जोडीपाशी हळूच सांगा.

गोंगाट होणारच, फक्त तो कशाचा आहे ते ओळखायला शिका. इंग्रजी बोलण्याचा गलका सुरू असेल तर होऊ द्या. मातृभाषेतला गलका असेल तर बहुधा खेळ त्यांच्या पातळीच्या वर गेला आहे किंवा संपला आहे. लवकर संपवणाऱ्यांसाठी एक जादा काम हाताशी ठेवा, उदाहरणार्थ नकाशा भरून झाला की त्यावरून पाच खरी-खोटी वाक्यं लिहा.

थांबवण्याची खूण पहिल्याच दिवशी ठरवून तिचा सराव घ्या. आणि खेळ रंगात असतानाच थांबवा. सगळ्या जोड्या पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली तर निम्मा वर्ग कंटाळलेला असतो.

७. शेवटची दहा मिनिटं फळ्यापाशी

वेळ संपत आला की नवे शिक्षक हा भाग गाळतात. खेळ कापा, पण हा भाग कापू नका. आधी निकाल विचारा: ‘कुणाला घोड्यावर बसलेली व्यक्ती सापडली?’ ज्या माहितीसाठी त्यांनी धडपड केली तिची विचारपूस झालीच पाहिजे. इथे वाक्यही बदलतं. ‘हॅव यू एव्हर...?’ विचारणारा आता ‘शी हॅज रिडन अ हॉर्स’ म्हणतो.

मग पॅडवरची सहा वाक्यं फळ्यावर लिहा, कुणाचीही नावं न घेता. त्यांतली दोन बरोबर असू द्या. जोडीने ठरवायचं, कोणती बरोबर आणि चुकलेली कशी सुधारायची. ‘व्हेअर इट इज?’, ‘शी कॅन स्विम’च्या जागी आलेलं ‘शी कॅन स्विम्स’ असल्या चुका वर्ग स्वतःच पकडतो. शेवटी तोच खेळ नव्या जोडीबरोबर तीन मिनिटं पुन्हा खेळवा. दुसऱ्या फेरीत वाक्यं सफाईने येतात आणि विद्यार्थ्यांना ते स्वतःला जाणवतं. त्या वेळचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

८. नेहमीच्या अडचणी

अबोल विद्यार्थी: त्याला पूर्ण वर्गापुढे उभं करू नका. जोडीत ठेवा आणि माहिती त्याच्याकडे असू द्या, म्हणजे जोडीदाराला त्याला विचारावंच लागतं.

सगळं स्वतःच बोलणारा: गटात प्रत्येकाला पाच सोंगट्या द्या. बोलायचं तर एक सोंगटी मध्ये टाकायची. सोंगट्या संपल्या की ऐकायचं.

विषम संख्या: तिघांचा एक गट करा आणि एक माहिती दोघांत वाटा. स्वतः जोडीदार होऊन बसू नका, मग बाकी वर्ग कुणी ऐकायचा?

हार मनाला लावून घेणारी मुलं: गट एकमेकांविरुद्ध लावण्याऐवजी सगळा वर्ग घड्याळाविरुद्ध खेळू द्या.

‘खेळच खेळता, शिकवता कधी?’ असं पालक किंवा व्यवस्थापन विचारतं. तासाच्या सुरुवातीला आजचं वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि शेवटी विद्यार्थ्यांना त्यावर स्वतःबद्दल चार ओळी वहीत लिहायला लावा. वही घरी गेली की प्रश्न कमी होतात.

ऑनलाइन तास: जोड्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातल्या वेगळ्या छोट्या खोल्यांत, पाठवा, पण ‘अ’ आणि ‘ब’ कागद आधीच ज्याचे त्याला वेगवेगळे पाठवून ठेवा. रूममध्ये गेल्यावर सूचना दिसत नाहीत, म्हणून त्या कागदावरच लिहा.

९. जपून ठेवा

प्रत्येक खेळाची कार्डं वेगळ्या पाकिटात घाला. वर खेळाचं नाव, वाक्य, पातळी, किती जणांसाठी आणि कार्डांची संख्या लिहा. तास संपताना विद्यार्थ्यांनाच कार्डं मोजून पाकिटात भरायला सांगा, इंग्रजीतून मोजत. पाकिटाच्या मागे त्या दिवशी काय अडलं ते दोन ओळींत लिहून ठेवा: ‘बेकरी हा शब्द माहीत नव्हता’, ‘१२ मिनिटं पुरली नाहीत’. पुढच्या वेळी तेच पाकीट उघडाल तेव्हा निम्मी तयारी झालेली असेल.